ठेकेदार 520 रोज देतो, कंपनी अकरा हजार म्हणते, जायचं कुठे?

पत्र: मी समुद्रपूर तालुक्यातला. वय 22, आयटीआय फिटर पास. घरी चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. सध्या तीन ठिकाणी बोलणं सुरू आहे. पहिलं बुटीबोरीत, प्लास्टिकच्या बादल्या-डबे बनवणारी कंपनी. ठेकेदार 12 तासांचे 520 रुपये रोज म्हणतो, महिन्याचे 26 दिवस. जामवरून त्याची गाडी नेते-आणते, जायला-यायला दीड-दीड तास. फॉर्मचे आणि ड्रेसचे दीड हजार आधी द्यायचे. दुसरं गावाजवळचं जिनिंग, 8 तासांचे 450 रोज, दिवाळीनंतर सुरू होईल. तिसरं हिंगणघाट एमआयडीसीतलं शेतीची अवजारं बनवणारं युनिट. पन्नासेक माणसं, 8 तास, 'पॅकेज 15,200', पण हाती अकरा हजारांच्या आसपास पडतील म्हणतात. बाबा म्हणतात, जो जास्त देतो तिथं जा. कंपनी बरी की वाईट हे आत जायच्या आधी कसं ओळखायचं?

उत्तर:

भाऊ, तुमच्यासमोरचे तीन आकडे तीन वेगळ्या मापांचे आहेत. एक 12 तासांचा रोज, एक हंगामाचा रोज, एक पॅकेज. आधी तिन्ही एका मापावर आणा, मग बाबांशी बोला.

बुटीबोरीचे 520 गुणिले 26 म्हणजे महिन्याचे 13,520. तास झाले 312, म्हणजे तासाला 43 रुपये. गाडीतले तीन तास धरले तर दिवसाचे 15 तास जातात आणि तासाला 35 रुपयेसुद्धा पडत नाहीत. आता खरी गोम बघा. कायद्याने जादा कामाचा दर दुप्पट असतो. 8 तास साधे आणि 4 तास दुप्पट, म्हणजे 16 तासांची मजुरी. 520 ला 16 ने भागलं की साडेबत्तीस रुपये तास, म्हणजे 8 तासांचा मूळ रोज फक्त 260. किमान वेतनाच्या कितीतरी खाली. 'बारा तासांचे एवढे' असा एकगठ्ठा दर सांगणारा माणूस ओव्हरटाइम गिळून बसलेला असतो, हे पक्कं धरा.

हिंगणघाटच्या 15,200 ची फोड साधारण अशी निघेल. पगार 13,200. त्यातून तुमचा पीएफ 12 टक्के म्हणजे 1,584, ईएसआय (सरकारी कामगार विमा) 0.75 टक्के म्हणजे 99, व्यवसाय कर 200. हाती 11,317. कंपनी वरून पीएफचे 1,584 आणि ईएसआयचे 3.25 टक्के म्हणजे 429 भरते. हे मिळवले की 15,213. म्हणजे त्यांनी पॅकेज फुगवून सांगितलं खरं, पण खोटं सांगितलं नाही. 208 तासांचे 11,317, तासाला 54 रुपये, आणि शिवाय दर महिन्याला 3,168 रुपये भविष्य निधीत. (कंपनीच्या 12 टक्क्यांपैकी 8.33 टक्के पेन्शन खात्यात जातात, म्हणून पासबुकात दोन रकाने दिसतील. घाबरू नका.) काही ठिकाणी पॅकेजमध्ये बोनस आणि ग्रॅच्युइटीही कोंबतात, तेव्हा फोड कागदावर मागा. 13,200 मध्ये बेसिक आणि विशेष भत्ता किती, तेही विचारा. महाराष्ट्रात किमान वेतन उद्योगानुसार, परिमंडळानुसार आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गानुसार ठरतं; विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. तुमच्या उद्योगाचा ताजा तक्ता कामगार विभागाच्या साइटवरून काढून ताडून बघा.

जिनिंगचे 450 म्हणजे तासाला 56 रुपये, तिघांत सगळ्यात वरचा आकडा. पण हंगाम पाच महिने चालला असं धरलं तर वर्षाचे 58,500. हिंगणघाटचे हातातलेच वर्षाला 1,35,804. बाबांना हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवा.

पैशाची गोष्ट इथं थांबवू. आकडा तोंडी सांगायला कोणाचं काही जात नाही. तुम्ही कोणाचे कामगार असणार, हा त्याहून मोठा प्रश्न.

बुटीबोरीच्या बाबतीत गेट कंपनीचं, मशीन कंपनीची, सुपरवायझर कंपनीचा, पण तुमचं नाव ठेकेदाराच्या हजेरीवर. ठेका बदलला की तुम्ही नवे. सहा-अकरा महिन्यांनी ब्रेक देऊन परत घेतात, ते यासाठीच. ठेकेदार म्हणजे वाईटच असं नाही. मोठ्या कंपन्यांत सुरुवात बहुतेकांची त्याच दारातून होते. पण मग ठेकेदारालाच तपासावं लागतं. त्याच्या फर्मचं नाव काय, पीएफ कोड कोणता, ईएसआय कोड कोणता, एवढं विचारा. 'कंपनीचाच आहे' असं मोघम उत्तर आलं तर तिथंच समजून घ्या.

नाव हाती लागलं की मोबाइलवर दहा मिनिटांचं काम आहे. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफच्या सरकारी कार्यालयाच्या, साइटवर 'एस्टॅब्लिशमेंट सर्च' नावाचं पान आहे. लॉगिन लागत नाही. फर्मचं नाव किंवा कोड टाका, कॅप्चा भरा, यादीतून नाव निवडा आणि पेमेंटचा तपशील उघडा. कोणत्या महिन्याचा पीएफ कोणत्या तारखेला भरला, किती भरला आणि किती माणसांचा भरला, हे महिनावार दिसतं. बघायच्या दोन गोष्टी. एक, माणसांचा आकडा. गेटवर शिफ्टला दीडशे माणूस आत जातो आणि भरणा बावीस जणांचा असेल, तर बाकीचे हवेत आहेत. दोन, तारखा. महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. तीन-तीन महिन्यांचा एकदम भरलेला दिसला तर त्या मालकाकडे पैशाची ओढाताण आहे, आणि पीएफ रखडतो तिथं उद्या पगारही रखडतो. मोठ्या कंपनीचा कोड मुंबई-पुण्याच्या ऑफिसचा असू शकतो, म्हणून स्थानिक पत्त्यावर सापडली नाही तर लगेच बोगस ठरवू नका. आणि 20 पेक्षा कमी माणसं असलेल्या युनिटला पीएफ लागू होत नाही. तिथं पीएफ नाही म्हणजे फसवणूक असं नसतं. ईएसआय मात्र 10 माणसांपासून, 21,000 पर्यंतच्या पगाराला. हिंगणघाटचं युनिट पन्नास माणसांचं, त्याला दोन्ही लागू आहेत.

आता गेटवर जा. मुलाखतीच्या वेळी नाही, त्याच्या आधी, शिफ्ट सुटायच्या वेळी. गेटसमोर चहाची टपरी असतेच. चहा घ्या आणि सुटलेल्या माणसांशी बोला. तिघांशी तरी बोला, त्यात एक सहा महिन्यांच्या आतला आणि एक दोन-तीन वर्षांचा. तुम्हाला इथं आणू पाहणाऱ्या ओळखीच्या पोट्ट्याचं मत यात धरू नका. माणूस आणला की त्याला ठेकेदाराकडून काही मिळत असतं.

'कंपनी कशी आहे?' असं विचारलं तर 'ठीक आहे' एवढंच येईल. नेमकं विचारा. मागच्या महिन्याचं पेमेंट कोणत्या तारखेला झालं? त्याच्या मागच्या महिन्याचं? (महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत व्हायला हवा.) खात्यात येते की हातात? ओटी सिंगल की डबल? स्लिप भेटते का? सुट्टीच्या दिवशी नाही आलं तर काय करतात? शेवटचा माणूस काहून सोडून गेला? आणि एक प्रश्न हमखास: एटीएम कार्ड कोणाजवळ आहे? काही ठेकेदार कामगाराचं खातं उघडून देतात आणि कार्ड-पिन स्वतःजवळ ठेवतात. कागदोपत्री किमान वेतन पूर्ण जमा होतं, मग तेच पैसे काढून त्यातले काही कामगाराच्या हातावर टेकवतात. दुसरा प्रकार, पगार खात्यात येतो आणि सुपरवायझरला त्यातले दोन-तीन हजार परत द्यावे लागतात. हे कोणी मोठ्याने सांगत नाही, पण कार्डाचा प्रश्न विचारल्यावर माणूस इकडेतिकडे बघायला लागला तर उत्तर मिळालं.

बोलता बोलता हातांकडे बघा. पत्र्याचं आणि प्रेसचं काम चालतं तिथं जुन्या माणसांच्या तर्जनीचं, मधल्या बोटाचं पेर शाबूत आहे का? एखाद्याचं गेलेलं असेल तर तो अपघात. तीन-चार जणांचं गेलेलं असेल तर ती त्या कारखान्याची पद्धत. पायात सेफ्टी शूज आहेत की चपला, आणि शूज असतील तर त्याचे पैसे पगारातून कापले का, तेही विचारा. संरक्षणाचं साहित्य मालकाने फुकट द्यायचं असतं.

मुलाखतीला बोलावलं की 'मशीनवर एक नजर टाकू द्या, मी फिटर आहे' असं म्हणा. नकार दिला तर तोही धडा. आत गेल्यावर तिन्ही ठिकाणी वेगळं बघायचं आहे.

प्लास्टिकच्या कंपनीत इंजेक्शन मोल्डिंगचं मशीन असेल. त्याला पुढे सरकणारा दरवाजा असतो आणि दरवाज्याला लिमिट स्विच. दरवाजा उघडा असेल तर साचा बंद होऊ नये, एवढंच त्याचं काम. पण दर बादलीमागे दरवाजा उघडण्या-लावण्यात दोन-चार सेकंद जातात, आणि टार्गेट बादल्यांवर असतं. म्हणून स्विचला चिकटपट्टी लावतात किंवा तार गुंडाळून तो कायमचा दाबून ठेवतात. मग साच्यात अडकलेली बादली काढायला कोणी हात घातला आणि त्याच क्षणी सायकल सुरू झाली, की साचा कित्येक टनांच्या दाबाने बंद होतो. तिथं बोट नाही, मनगटच जातं. म्हणून उघड्या दरवाज्यात मशीन चालताना दिसलं तर तिथून निघा, रोज कितीही असो. बॅरलवरच्या हीटरची झाकणं जागेवर आहेत का आणि नोझलसमोर उभं राहून कोणी मशीन साफ करतंय का, हेही बघा. तिथून दोनशे अंशांच्या वरचं वितळलेलं प्लास्टिक उडतं.

अवजारांच्या युनिटमध्ये पॉवर प्रेस बघा. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक पडत नसेल तर उत्तम. पायाचं पॅडल असेल तर डायच्या (साच्याच्या) समोर गार्ड हवाच. जुन्या 'की-क्लच' प्रेसमध्ये 'की' (क्लच अडकवणारी चावी) झिजली किंवा ब्रेक ढिला झाला की एकदा पॅडल मारल्यावर दोनदा स्ट्रोक पडतो, आणि दुसऱ्या स्ट्रोकला हात आत असतो. तुम्ही फिटर आहात, 'या प्रेसची की शेवटची कधी बदलली?' असं सहज विचारा. नोंदवही उघडून तारीख दाखवणारा मेंटेनन्सवाला असलेली जागा शिकायला चांगली. बेंच ग्राइंडरला गार्ड आहे का, टूल रेस्ट आणि चाक यात 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट आहे का, ड्रिलवर कोणी हातमोजे घालून काम करतंय का (घालू नयेत, गुंडाळले जातात), एवढं आयटीआयमध्ये शिकवलेलंच आहे. तेच डोळे लावा.

जिनिंगची भीती वेगळी. तिथं आग. कपाशीत आलेला दगड किंवा लोखंडाचा तुकडा मशीनमध्ये घासला की ठिणगी, आणि समोर रुईचा ढीग. पाण्याचं टाकं भरलेलं आहे का, होजपाइप जोडलेला आहे का, अग्निशामक सिलिंडरवरची तारीख कोणती आणि मागचं दार उघडं आहे की कुलपात, एवढं बघा. रोलरजवळ बायकांचे पदर-ओढण्या मोकळ्या सुटलेल्या दिसल्या तर तिथं कोणी लक्ष देत नाही. धूळही विचारा: सुट्टीनंतर कामावर परतलं की पहिल्या दिवशी छाती जड होते आणि आठवडाभरात कमी होते, असं जुने लोक सांगत असतील तर तो कापसाच्या धुळीचा त्रास आहे.

जिनिंगबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. हंगामी कारखान्यांना ईएसआय लागू नाही आणि कापसाचं जिनिंग-प्रेसिंग त्यातच मोडतं. म्हणजे हात गेला तर ईएसआयचा दवाखाना नाही आणि ईएसआयचे पैसेही नाहीत. नुकसानभरपाई थेट मालकाने द्यायची असते. मालक देईल की कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावेल, हे त्याने विमा काढला आहे का यावर ठरतं. म्हणून जिनिंगवाल्याला एकच गोष्ट विचारायची: 'डब्ल्यूसी पॉलिसी (कामगार भरपाईचा विमा) आहे का, आणि हंगामी माणसांची नावं त्यात आहेत का?' बरेचदा पॉलिसी दहा कायम माणसांची असते आणि हंगामात कामावर साठ असतात.

उन्हाळ्याचंही मुलाखतीतच बोलून घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये, त्यातून मोल्डिंगच्या हीटरशेजारी, आणखी वर. छताला टर्बो व्हेंटिलेटर फिरतात का, थंड पाण्याची सोय कामाच्या जागेपासून किती पावलांवर, उन्हाळ्यात शिफ्टची वेळ बदलतात का. संडास बघा. संडास आणि पिण्याचं पाणी ज्याला नीट ठेवता येत नाही तो सेफ्टीवर खर्च करेल, यावर आमचा तरी विश्वास नाही.

कागदपत्रांचं. दीड हजार देऊ नका. कामाला लावायचे पैसे कामगाराने द्यायचे नसतात. फॉर्मचे नाही, ड्रेसचे नाही, 'सिक्युरिटी'चेही नाही. दिले असतील तर पावती मागा, पावती नाही म्हणाला की पैसे परत मागा. आयटीआयचं मूळ प्रमाणपत्र, मूळ मार्कशीट, मूळ आधार कोणाकडेही ठेवायला देऊ नका. झेरॉक्स द्या, आणि तिच्यावर आडवं लिहा: 'फक्त अमुक फर्मच्या नोकरीसाठी', खाली तारीख. कोऱ्या कागदावर सही नाही, कोरा चेक नाही, तारीख न टाकलेला राजीनामा नाही. शेवटचा प्रकार जॉइनिंगच्या गठ्ठ्यात घुसडलेला असतो, म्हणून दहा सह्या मागितल्या तर दहाही कागद वाचा. घाई करणाऱ्याला म्हणा, 'घरी दाखवून उद्या आणतो'.

नेमणूकपत्र मागायला लाजू नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलं आहे. पत्रात पदनाम बघा. दोन वर्षांचा फिटर ट्रेड करून 'हेल्पर' लिहून घेतलं तर पगार अकुशल वर्गाचा लागतो. आणि दोन वर्षांनी दुसरीकडे गेलात की अनुभवाच्या दाखल्यावरही हेल्परच. सुरुवातीला अर्धकुशल लिहिलं तर चालेल, पण किती महिन्यांनी फिटर करणार हे लिहून घ्या. 'ट्रेनी' किंवा 'अप्रेंटिस' लिहिलं असेल तर आणखी सावध. खरी अप्रेंटिसशिप तुमच्यासाठी चांगला मार्ग आहे, शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. पण तिचा करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलेला असतो आणि तुमच्या लॉगिनमध्ये दिसतो. दिसत नसेल तर ती अप्रेंटिसशिप नाही, पीएफ-ईएसआय चुकवायची पळवाट आहे.

रुजू झालात तर पहिला महिना हाच खरा तपास. रोज एका वहीत येण्याची-जाण्याची वेळ लिहा. पंचिंग असलं तरी लिहा. ठेकेदाराकडची हजेरी आणि मशीनची हजेरी महिन्याच्या शेवटी जुळत नाही, हे नेहमीचं भांडण आहे, आणि भांडणात वही असलेला माणूस वरचढ ठरतो. ईएसआयची नोंदणी रुजू झाल्यापासून 10 दिवसांत व्हायला हवी. दहा आकडी विमा क्रमांक आणि ई-पहचान कार्डाचा प्रिंट मागून घ्या. पगारातून 0.75 टक्के कापले पण नंबर दिला नाही, असं चालवून घेऊ नका. उपचार आणि कामावरच्या अपघाताचं संरक्षण पहिल्या दिवसापासून असतं. अपघाताने घरी बसावं लागलं तर मजुरीच्या 90 टक्के मिळतात. आजारपणाचे 70 टक्के मात्र 78 दिवसांची वर्गणी भरल्यावर.

अपघात झालाच तर एक खबरदारी घ्या. काही ठिकाणी नोंदणी नसलेल्या माणसाला खाजगी दवाखान्यात नेतात आणि 'घरी पडलो असं सांग, बिल आम्ही भरतो' म्हणतात. केसपेपरवर एकदा 'घरी पडून' लिहिलं गेलं की पुढे भरपाईचा दावा उभा करणं फार अवघड होतं. डॉक्टरांना खरं सांगा: कोणतं मशीन, किती वाजता, कोण शेजारी होतं. बुटीबोरीच्या गाडीलाही हे लागू आहे. घर ते कामाच्या वाटेवरचा अपघातही ईएसआयमध्ये धरला जातो, पण नोंदणी असेल तरच. बारा तासांची रात्रपाळी करून आलेला ड्रायव्हरच सकाळी गाडी चालवतो का, हे त्या गाडीत बसणाऱ्यांना विचारून ठेवा.

पीएफचा यूएएन हा बारा आकडी नंबर आयुष्यभर एकच. नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव आधारवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर, जुळलं पाहिजे. ठेकेदाराच्या पोऱ्याने घाईत एक अक्षर चुकवलं तर पाच वर्षांनी पैसे काढताना तुम्हीच तालुक्याच्या खेपा घालाल. दुसऱ्या नोकरीत गेलात तर जुनाच यूएएन द्या, नवा काढू देऊ नका. पहिल्या पगारानंतरच्या महिन्यात, 20-25 तारखेनंतर, उमंग ॲपवर पासबुक उघडा. स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात भरणा नाही, असं सलग दोन महिने दिसलं तर तुमचे पैसे कापून दुसरीकडे वापरले जातायत. ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर स्लिपचा फोटो जोडून टाका.

तर आमचा कौल असा. हिंगणघाटच्या युनिटचा पीएफ भरणा पन्नासच्या आसपास माणसांचा आणि वेळेवर दिसला, प्रेसला गार्ड दिसला, पत्रात फिटर किंवा अर्धकुशल लिहायला तयार झाले, तर तिथंच जा. खोली करायची घाई करू नका. एसटीचा मासिक पास 20 दिवसांच्या भाड्यात 30 दिवस चालतो, आधी दोन महिने ये-जा करून बघा. यातलं काही जुळलं नाही तर जिनिंग धरा, पण मजूर म्हणून नाही, फिटर म्हणून. हंगामात मशीन बंद पडली की मालकाचा तासाला तोटा होतो, तेव्हा फिटरला भाव असतो. हंगाम संपल्यावर रोलर-सुऱ्यांच्या ओव्हरहॉलिंगचं काम मिळेल का, हे आताच बोलून ठेवा, म्हणजे पाचाचे सात-आठ महिने होतील. 20 किंवा जास्त माणसं असतील आणि तुमचे वर्षात 30 दिवस भरले, तर बोनसही लागतो, किमान 8.33 टक्के. हंगामी माणसाला तो सहसा आपण होऊन देत नाहीत. त्यासाठी वही.

बुटीबोरीला जायचंच झालं तर या ठेकेदारामार्फत नको. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात सरकारच्या 'महास्वयं' पोर्टलवर नाव नोंदवा आणि तिथल्या रोजगार मेळाव्यात कंपनीचा माणूस स्वतः बसलेला असतो, त्याच्याशी बोला. तिथंही प्रश्न तेच विचारायचे.

आणि कुठूनही सोडताना, हिशेब दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा, असं वेतन संहिता सांगते. नाही मिळाला तर सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज करा, सोबत नेमणूकपत्र, स्लिपा आणि वहीच्या पानांच्या झेरॉक्स. ठेकेदार पळाला तरी न दिलेल्या मजुरीची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, म्हणून अर्जात दोघांचीही नावं लिहा. पीएफमध्ये 'डेट ऑफ एग्झिट' (नोकरी सोडल्याची तारीख) भरली आहे का ते बघा. ठेकेदार ती मुद्दाम किंवा आळसाने सोडून देतात आणि मग पैसे काढणं, नव्या खात्यात वळवणं अडकतं. शेवटचा भरणा होऊन दोन महिने झाले की तुमच्याच लॉगिनमधल्या 'मॅनेज' मध्ये जाऊन 'मार्क एग्झिट' करून ती तुम्ही स्वतः भरू शकता.